म्हशीचे पंख

आमच्या घरात हल्ली कल्पनाशक्तीला फार भाव आला आहे. पुतण्याच्या मुलानं परवा जांभळा हत्ती काढला. हत्ती झाडावर बसून चहा पीत होता. ते चित्र देवाच्या फोटोशेजारी लागलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी द्यायच्या आधी ते दाखवायची पद्धत पडली. "हे तुमच्यावर गेलंय हं, काका," असं सूनबाई मला म्हणाल्या. मग माझ्या लहानपणीच्या सचित्र पुस्तकाची गोष्ट निघाली. ती निघतेच. आमच्याकडे पाहुण्याला दुसरा लाडू आणि ही गोष्ट चुकत नाही.

घरात ती गोष्ट अशी सांगतात : मी दहा वर्षांचा असताना एका म्हशीवर सुंदर पुस्तक केलं, त्यातली चित्रंही मीच काढली, आणि त्यावर खूश होऊन शेजारच्या गवळ्यानं मला पाडव्याच्या मिरवणुकीत मान दिला. यातला शब्द न शब्द खरा आहे आणि तरी सगळं मिळून शुद्ध थाप आहे. थापेची ही जात मी ओळखतो. वाढवली मीच.

शिवाजी पेठेत आमच्या भिंतीला भिंत लावून गवळीमामांचा गोठा होता. वडील कचेरीत कारकून. आई घरचं सगळं करून वर शेजारच्यांच्या पापड-कुरडयांना जायची. मी पाचवीत. म्हणजे घरात काहीही न करणारा मी एकटाच. सकाळी पितळी पेला घेऊन गोठ्यात उभं राहायचं, मामांनी डोळ्यांदेखत धार काढायची, ते कोमट दूध तिथंच प्यायचं आणि शाळेची घंटा होईपर्यंत थापा मारायच्या, असा माझा दिनक्रम होता.

थापा साध्या नसायच्या. इतर पोरं वही घरी विसरायची. माझी वही रंकाळ्यात पडायची, ती मासा गिळायचा, मासा एका माणसाला सापडायचा आणि तो माणूस नेमका आदल्या दिवशी आजऱ्याला निघून गेलेला असायचा. आजरा मी पाहिलेलं नव्हतं, पण मास्तर तिथवर चौकशीला जाणार नाहीत एवढी अक्कल होती. छडी बसायची ती बसायचीच. तेव्हा कुणी 'काय कल्पनाशक्ती आहे!' म्हणत नसत. वडील म्हणायचे, "आमच्या सात पिढ्यांत कुणी खोटं बोललं नाही. त्या सगळ्यांचं शिल्लक राहिलेलं हा एकटा बोलतो."

पुस्तकाचं निमित्त एक पैज होती. मागच्या गल्लीतही एक गवळी होता आणि त्याचा मुलगा माझ्या वर्गात. तो एकदा म्हणाला, "आमची म्हस पाडव्याला फटफटीमागनं पळती."

आमच्याकडे दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवतात. आधी त्यांचं अंग भादरायचं, शिंगं तासून रंगवायची, गळ्यात कवड्यांच्या माळा, पायात चाळ, डोक्यावर मोरपिसांचा तुरा. नवरीचं एवढं करत नाहीत. मग दुतर्फा माणसं उभी राहतात, मालक पुढं पळत सुटतो नाहीतर फटफटीवर बसतो, हाक मारतो आणि म्हैस एवढ्या गर्दीतून त्याच्या आवाजामागं धावत येते. दावं नाही, काठी नाही. नुसती हाक. ज्याची म्हैस आली त्याची मान वर्षभर वर. नाही आली त्यानं वर्षभर खाली बघून दूध घालायचं.

तर मी त्या पोराला म्हणालो, "त्यात काय? मामांची म्हस माझ्या एका हाकंला येती."

"तुझ्या?"

"रंकाळ्यात असली तरी येती. पवत."

एवढ्यावर थांबलो असतो तर आज चारचौघांसारखा माणूस झालो असतो. पण पोरं हसली, आणि हसलेल्या पोरांना पुरावा द्यावा म्हणून मी पुस्तकच केलं. वडिलांनी कचेरीतून आणलेले पाठकोरे कागद, आईनं ते गोधडीच्या दोऱ्यानं शिवून दिले. बारा पानं. पहिल्या पानावर मी रंकाळ्याच्या काठावर उभा राहून हाक मारतो आणि म्हैस पोहत येते. पुढं मी तिच्या पाठीवर बसतो. मग तिला पंख फुटतात. आम्ही पन्हाळ्यावरून उडतो, नरसोबाच्या वाडीला पूर आलेला असताना वरच्या वर दर्शन घेतो, आणि आजऱ्याच्या जंगलात एका दरोडेखोराला म्हैस शेणानं माखून धरून देते. दरोडेखोराचं तोंड गणिताच्या मास्तरांचं होतं.

म्हैस रंगवायची म्हणजे डबीतला काळा रंग तीन पानांत संपला. पुढची म्हैस मी तव्याच्या काजळीनं केली. त्यामुळे चौथ्या पानापासून पुस्तकाला हात लावणाऱ्याचे हात काळे व्हायचे. वर्गात कुणी पुस्तक वाचलंय आणि कोण नुसतंच वाचलं म्हणतंय, ते लगेच कळायचं. माझ्या सगळ्या साहित्यसेवेत वाचकावर एवढा ठसा मी पुन्हा उमटवलेला नाही.

इथपर्यंत ठीक होतं. मग दिवाळीच्या तोंडावर गवळीमामा सायकलवरून पडले.

दुधाच्या किटल्यांसकट पडले आणि उजवा पाय गुडघ्याखाली मोडला. प्लास्टर घालून ते गोठ्याच्या दारात दोरीच्या बाजल्यावर बसून राहिले. त्यांचा पुतण्या धारा काढू लागला. म्हशीला पुतण्या आवडत नसे. त्यानं हाक मारली की ती शेपूट उचलून काय ते उत्तर द्यायची. तेव्हा पाडव्याला तिला पळवायचं कुणी, हा प्रश्न गल्लीत सुरू झाला. तेवढ्यात मागच्या गल्लीतला गवळी तब्येतीची चौकशी करायला म्हणून आला आणि चहा पिऊन जाता जाता म्हणाला, "यंदा गोठ्यातच पूजा करा मामा. म्हातारपणी म्हस आन् माणूस, दोघांनीबी घरात बसावं."

मामा पन्नाशीचे होते. म्हैस तर ऐन भरात होती.

"पळणार," मामा म्हणाले. "माझी म्हस यंदाबी पळणार. जा, सांग पेठंत."

त्यानं पेठेत सांगितलं. सांगायला त्याला पैसे पडत नव्हते. मामांच्या तोंडून शब्द गेला तो गेला. आता म्हैस पळाली पाहिजे होती, आणि पळवणाऱ्याचा पाय तर पांढऱ्या चुन्यात गच्च बसलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेला घेऊन गेलो तर माझं पुस्तक मामांच्या मांडीवर. शेजारी त्या गवळ्याचा मुलगा उभा, हात काळे. घरचं युद्ध लढायला तो हत्यार घेऊन आला होता. मामांना वाचता येत नव्हतं. सहीपुरती अक्षरं यायची. ते चित्रं बघत होते, पण अशी की जणू बाजारात जनावर घ्यायला आलेत.

"हे तू काढलंस?"

"व्हय मामा."

"डाव्या कानाला खाच... हाय. कपाळावरचा भोवरा... हाय. उजवं शिंग आत वळलंय..." त्यांनी पुतण्याला हाक मारली. "ये हिकडं. आपल्या म्हशीच्या कुठल्या कानाला खाच हाय?"

पुतण्या गोठ्याकडे बघायला लागला.

"न बघता सांग!"

"उजव्या."

"बघा! खाऊन खाऊन ह्योच माजलाय. आन् ह्या पोरानं खाच काढली, शिंगाचा बाक काढला." त्यांनी पहिलं पान माझ्यासमोर धरलं. "ही तुझ्या हाकंला येतीया?"

आयुष्यात खरं बोलायची अशी स्वच्छ संधी मला पुन्हा मिळाली नाही. शेजारी तो काळ्या हातांचा पोरगा दात काढून उभा होता.

"येती की," मी म्हणालो.

"तात्या," पुतण्या म्हणाला, "फुडच्या पानावर उडतीया बी. पंख हाईत तिला."

"ती सजावट, येड्या. पाडव्याला आपण मोरपिसं लावतोच की. चितारी माणूस जरा जास्त लावतोय."

मामांचा हिशेब सरळ होता. गावात सिनेमाचे फलक रंगवणारे चितारी असत. ते समोर फोटो नाहीतर माणूस ठेवून तोंड काढतात हे मामांनी पाहिलेलं. बघितल्याबिगर काढता येत नाही, म्हणजे जे काढलंय ते बघितलेलं. आणि ज्यानं कानाची खाच चुकवली नाही तो बाकीचं कशाला चुकवील? आमच्याकडे माणसाबद्दल वेळप्रसंगी खोटं बोललं तर चालतं, जनावराबद्दल बोलत नाहीत. मामांच्या डोक्यात ते येणंच शक्य नव्हतं. वाचता येत असतं तर पहिल्याच ओळीला त्यांना थाप कळली असती. चित्रांनी घात केला.

"ठरलं तर," ते म्हणाले. "पाडव्याला हाक तू मारायची. पुतण्या फटफटी चालवंल, तू मागं बस."

त्यानंतरचे आठ दिवस मी खिशात पेंड घेऊन गोठ्यात जात होतो. म्हैस पेंड खायची. हातही चाटायची. मग मी दाराबाहेर जाऊन हाक मारायचो, आणि ती माझ्याकडे अशी बघायची, जशी बँकेतली माणसं खिडकीपलीकडून बघतात. आठव्या दिवशी पेंडीसाठी ती चार पावलं आली. चार पावलांवर मी राज्य जिंकल्यासारखा घरी गेलो. मूर्खाला आशेसाठी फार लागत नाही.

पाडव्याच्या सकाळी आईला म्हणालो, ताप आलाय. तिनं कपाळाला हात लावला.

"ताप नाही. ही भीती आहे. काय केलंयस?"

मी सांगितलं. तिला बरंचसं ठाऊक असावं, कारण पुस्तक तिनंच शिवलं होतं.

"जा, आणि मामांना खरं काय ते सांगून ये. आत्ता. तो माणूस चारचौघांत उघडा पडेल."

मी गेलो. खरंच सांगायचं ठरवून गेलो, शब्दही जुळवले होते. गोठ्यासमोर म्हैस उभी होती. शिंगं लाल, गळ्यात कवड्या. आणि तिच्या दोन्ही कुशींवर पिवळ्या रंगाचे, पिसापिसांचे, खांद्यापासून शेपटीपर्यंत गेलेले पंख. मामांनी ओळखीचा एक चितारी बोलावून माझ्या पुस्तकातून ते उतरवून घेतले होते. चितारी शेवटचं पीस ओढत होता. पुस्तक एका पोरानं त्याच्यासमोर धरलं होतं.

"बरोबर हाईत काय बघ," मामा बाजल्यावरून म्हणाले. "तुजं काम हाय. चुकाय नको."

मी बघितलं. "डाव्या बाजूला एक पीस कमी आहे," मी म्हणालो.

हे बोललो मी. जुळवलेले सगळे शब्द सोडून हे. चिताऱ्यानं पीस वाढवलं. मी घरी आलो आणि आईला सांगितलं की सांगून आलो. तिनं एकवार बघितलं आणि नवा शर्ट माझ्या अंगावर टाकला.

दुपारी गल्ली माणसांनी भरली. आधी मागच्या गल्लीतली म्हैस पळाली. फटफटीचा सायलेन्सर काढलेला, कानठळ्या बसवणारा आवाज, पुढं तो गवळी, मागं म्हैस. झकास पळाली. तो उतरला आणि आमच्या मामांना लांबून नमस्कार केला. तो कसला नमस्कार होता ते गल्लीतल्या कुत्र्यालाही कळलं.

मग आम्ही. गल्लीच्या एका टोकाला मामा बाजल्यावर, शेजारी पंखवाली म्हैस. दुसऱ्या टोकाला पुतण्याच्या मागं फटफटीवर मी, नवा शर्ट, खिशात पेंड. मधे सगळी पेठ. माझा सगळा वर्ग एका कट्ट्यावर ओळीनं बसलेला. पंख बघून लोक आधीच खूश होते. मामांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारून मला हात केला.

मी हाक मारली. म्हशीचं नाव इथं देत नाही. पेठेतली जुनी माणसं अजून आहेत.

म्हैस रवंथ करत होती.

दुसरी हाक मारली. तिनं कान हलवला. तो खाचेचा कान. तिसऱ्या हाकेला माझा आवाज फाटला. पेंड काढून हात वर केला. पण सकाळपासून गल्लीतल्या प्रत्येक बाईनं पूजा करून तिला पुरणपोळी चारली होती. पोटभर पुरणपोळी खाल्लेल्या जिवाला पेंड दाखवणारा मी, आणि जिच्या शेजारी तिचा मालक उभ्या जन्माचा बसलेला, तिनं त्याला सोडून माझ्याकडे यावं ही माझी अपेक्षा.

"पावणं, जरा मोठ्यानं!" कुणीतरी ओरडलं.

"पुस्तक दावा तिला! वाचाय येत न्हाय वाटतं!" हा मागच्या गल्लीतला गवळी. सगळी गल्ली हसली. माझा वर्ग तर कट्ट्यावरून खाली पडायचा राहिला.

मामा माझ्याकडे बघत होते. एवढ्या लांबून त्यांचं तोंड मला नीट दिसत नव्हतं, हे माझं नशीब. ते ओरडले नाहीत. म्हशीकडे बघितलं, पिवळ्या पंखावर तळहात ठेवला, काढला आणि म्हणाले, "चौघंजण हिकडं या. बाजलं उचला."

"कुठं जायचंय?"

"त्या टोकाला. पळत."

"मामा, पाय..."

"पाय माझा हाय. तुम्ही तुमचं पळवा."

चौघांनी बाजलं खांद्यावर घेतलं. ते बघून एक जण म्हणाला, "राम म्हणू काय मामा?"

"म्हण की. पर पळत म्हण!"

आणि ते पळाले. बाजल्यावर मामा उलटे बसलेले, तोंड म्हशीकडे, प्लास्टरचा पाय पुढं ताठ, एका हातानं दोरी धरलेली. त्यांनी हाक मारली. एकच. म्हैस जागची अशी उसळली की गळ्यातल्या कवड्या तुटून उडाल्या. पायातले चाळ वाजवत, पंखांसकट ती बाजल्यामागं सुटली. पुढचे दोघं ठेचकाळले, सावरले, मामा दोन वेळा खाली येता येता राहिले, आणि हाक काही थांबली नाही. फटफटीमागं पळणाऱ्या म्हशी पेठेनं पुष्कळ पाहिल्या होत्या. बाजल्यामागं पळणारी कुणी पाहिली नव्हती. लोक हसायचे थांबले आणि ओरडायला लागले. टोप्या उडाल्या. मागच्या गल्लीतला गवळीसुद्धा ओरडत होता. जनावर खरं पळालं की तिथं वैर टिकत नाही.

आम्ही वाटेत होतो. पुतण्यानं फटफटी टाकून उडी मारली आणि मी एका दाराला पाठ चिकटवून उभा राहिलो. म्हैस इतक्या जवळून गेली की एका पंखाचा ओला रंग माझ्या नव्या शर्टावर खांद्यापासून कमरेपर्यंत उतरला. ती थांबली नाही. तिनं मला ओळखलंही नाही.

चार दिवस मी गोठ्यात गेलो नाही. दूध आई आणायची. पाचव्या दिवशी तीच म्हणाली, "मामांनी बोलावलंय. कागद-पेन्सिल घेऊन जा."

मी मार खायच्या तयारीनं गेलो. मामा बाजल्यावर होते, पाय उशीवर.

"म्हस हाकंला येत नव्हती तुझ्या. कवाच."

"न्हाय."

"पाडव्याच्या सकाळी सांगाय आलतास?"

"आलतो."

"मग?"

"पंख बघितले."

त्यांनी बाजल्यावरचं माझं पुस्तक उचललं. मग शेवटचं पान उलटलं. "हिथं एक पान लाव. पाडव्याला जे झालं ते काढ. जे झालं, तेच. समजलं? मी मोजून घेणार हाय."

दोन दिवस लागले. इतक्या धाकानं मी पुढं परीक्षेचे पेपरही लिहिले नाहीत. गल्ली काढली, कट्ट्यावरची पोरं काढली, हसणारा गवळी दात मोजून काढला. बाजलं, प्लास्टर, तुटलेल्या कवड्या. मामांनी चित्र घेतलं आणि बोट लावून तपासायला सुरुवात केली. पहिल्या वेळी जनावर तपासलं होतं, आता माणसं तपासत होते. कानाची खाच बघितलीच नाही. बाजल्याशी बोट थांबलं.

"हे किती?"

मी वाकून मोजायला लागलो.

"उचलणारे चौघं हुते. तू पाच काढलेत." त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "ह्यो म्होरचा, लहान. शर्टावर पिवळं हाय. कोण ह्यो?"

"मी."

"तू तर दाराला चिकटून हुतास."

"व्हय मामा."

शपथ घेऊन सांगतो, काढताना मला ते कळलंही नव्हतं. हात आपसूक तिकडं गेला. ही असली माझी कल्पनाशक्ती. मामांनी पेन्सिल उचलली, तिचं टोक त्या पाचव्या माणसावर टेकवलं. मी मान खाली घातली. आत म्हैस अंग झटकत होती, साखळी वाजत होती.

पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज आला.

"ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. "प्लास्टरसकट लई जड हुतो मी. चौघांच्यानं उचलण्याजोगं नव्हतंच ते."